अंदालुसियाला जाताय? मग उन्हाच्या घड्याळाने फिरा

स्पेनची टूर म्हटलं की आपल्याकडचे बरेच लोक बार्सिलोना आणि माद्रिद करून परत येतात आणि खालचा दक्षिणेचा भाग, म्हणजे अंदालुसिया, राहूनच जातो, नाहीतर बसमधून एका दिवसात ग्रानादा दाखवून आणतात. मला खरंच वाईट वाटतं याचं. आम्ही पहिल्यांदा एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन गेलो होतो, नंतर सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघंच, आणि तेव्हापासून ऑफिसमधले, नात्यातले सगळे विचारत असतात की प्लॅन पाठव प्लॅन पाठव, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. तिथे दिवस घड्याळावर चालत नाही, उन्हावर चालतो. दुपारी दोन ते पाच-साडेपाच लहान दुकानं बंद, रस्ते रिकामे, माणसं घरात. आणि जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री पावणेदहाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे जेवणं उरकून झोपायची वेळ होते तेव्हा तिथे संध्याकाळ सुरू होते. आपण पैसे वसूल करायचे म्हणून सकाळी नऊ ते संध्याकाळी सात सलग फिरत बसलो तर भर दुपारच्या उन्हात बंद शटरं बघत फिरतो आणि रात्री दहाला गाव जागं असतं तेव्हा आपण हॉटेलात पाय चेपत पडलेले असतो. तर सकाळी आठ ते एक फिरायचं, दोनला जेवायचं, तीन ते सहा चक्क झोपायचं, आणि सातनंतर परत बाहेर. आईबाबांना हे पहिल्या दिवसापासून पटलं, कारण दुपारची वामकुक्षी त्यांना नवी नाही. आम्हालाच पटायला दोन दिवस लागले.

आता कधी जायचं. एप्रिल ते मेचा मध्य, किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये सेविया (इंग्रजीत सेव्हिल) आणि कोर्दोबा ४० डिग्रीच्या वर जातं, एसिहा नावाच्या गावाला तर तिथले लोकच अंदालुसियाची कढई म्हणतात. नागपूर-अकोल्याच्या लोकांना त्या उन्हाची कल्पना येईल, घाम न येता भाजून काढणारं कोरडं ऊन, मुंबईवाल्यांना मात्र ते चटकन कळत नाही कारण अंग चिकचिकत नाही आणि मग अचानक डोकं दुखायला लागतं. मुलांच्या शाळेमुळे मे-जूनशिवाय जमणार नसेल तर मेचे पहिले दोन आठवडे पकडा, ते आणखी एका कारणासाठीही छान, त्याच वेळी कोर्दोबात पाटिओंचा उत्सव असतो, लोक आपल्या घरांची मधली अंगणं उघडतात आणि पांढऱ्या भिंतींवर शेकडो कुंड्या लटकवलेल्या असतात. २०१२ पासून हा उत्सव युनेस्कोच्या यादीत आहे. वाड्याच्या चौकात वाढलेल्या माणसाला ती अंगणं बघून एकदम घरच्यासारखं होतं, मधोमध विहीर नाहीतर कारंजं, वर मोकळं आभाळ, सगळ्या खोल्या चौकाकडे तोंड करून.

मार्चच्या शेवटी आणि एप्रिलमध्ये सेवियात रस्त्यावरची संत्र्याची झाडं फुललेली असतात आणि अख्ख्या शहराला तो वास असतो. पण ती संत्री तोडून खाऊ नका, कडू जात आहे, मार्मालेडला वापरतात. ईस्टरच्या आठवड्यात मिरवणुका असतात, खांद्यावर वाहून नेलेले मोठमोठे लाकडी देव्हारे, मेणबत्त्या, ढोल, शंकूसारखी उंच टोपी आणि चेहरा झाकलेले लोक. ती टोपी बघून दचकू नका, प्रायश्चित्त घेणाऱ्यांचा तो शेकडो वर्षं जुना वेश आहे, अमेरिकेतल्या वर्णद्वेषी कु क्लक्स क्लॅनशी त्याचा संबंध लावू नका. बघण्यासारखं आहे यात शंका नाही, आपल्या पालखी सोहळ्यासारखी गर्दी आणि तशीच मनापासूनची श्रद्धा, पण पहिल्यांदा जाताय, बरोबर म्हातारी माणसं आहेत, तर तो आठवडा टाळा. हॉटेलं खूप महाग होतात आणि जुन्या गावातले रस्ते तासन्‌तास अडकतात. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी सेवियाची फेरिया म्हणजे मोठी जत्रा असते, तिथले बरेचसे मांडव खासगी असतात, ओळख नसेल तर आत जाता येत नाही, हे आधी माहीत असू द्या.

व्हिसा शेंगेन लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो. अर्ज बीएलएस या स्पेनचे व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरला द्यायचा, प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण उन्हाळ्याच्या आधी अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी अडचण असते म्हणून तीन महिने आधीपासून मागे लागा. मोठ्यांची फी ९० युरो आहे, वर सेंटरचा चार्ज. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालू हवा, दोन पानं कोरी हवीत, आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. बँक स्टेटमेंट, आयटीआर, ऑफिसचं रजेचं पत्र हे नेहमीचंच. लोक चुकतात ते एका ठिकाणी, हॉटेलच्या तारखा, तिकिटाच्या तारखा आणि पत्रातल्या तारखा एकमेकांशी जुळत नाहीत. सगळं एका कागदावर दिवसवार लिहा, कुठल्या रात्री कुठे, आणि प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून बघा. आणि जास्त रात्री ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे.

विमानाबाबत एकच सांगेन, जाताना माद्रिदला उतरा आणि येताना मालागाहून निघा, दोन्हीकडे माद्रिद घेऊ नका. परत वर जाण्यात एक पूर्ण दिवस वाया जातो. गल्फमार्गे किंवा इस्तंबूलमार्गे असं तिकीट मिळतं, थोडे पैसे जास्त पडले तरी घ्या.

पण या सगळ्याच्या आधी, म्हणजे तारखा ठरल्या की पहिलं काम, अल्हांब्राचं, म्हणजे ग्रानादातल्या सुलतानांच्या किल्ला-राजवाड्याचं तिकीट. मी हे मोठ्या आवाजात सांगतेय असं समजा. ग्रानादाला जाऊन अल्हांब्रा आतून न बघता आलेली माणसं मला माहीत आहेत, कारण त्यांनी तिथे गेल्यावर बघू म्हटलं आणि तिकिटं कित्येक आठवडे आधीच संपलेली होती. सरकारी साइटवरूनच काढा, गुगलवर वर येणाऱ्या बाकीच्या साइट्स जास्त पैसे घेतात. तिकिटावर नाव आणि पासपोर्ट नंबर असतो, दारात पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून तो हॉटेलात ठेवून जाऊ नका. आणि त्या तिकिटावर नासरी घराण्याच्या सुलतानांच्या राजवाड्यांची एक ठरावीक वेळ असते, तीच खरी महत्त्वाची, ती चुकली तर बाकीचा किल्ला आणि बागा बघता येतात पण ज्यासाठी आलो ते राहतं. आमच्यासमोर एक कुटुंब खेनेरालिफेच्या बागेत फोटो काढत राहिलं आणि तिथून राजवाड्याच्या दारापर्यंत चालायला पंधरावीस मिनिटं सहज लागतात हे त्यांच्या लक्षात आलं नाही, ती बाई दारात अक्षरशः रडत होती. वेळेच्या अर्धा तास आधी राजवाड्याच्या दाराशी जाऊन उभे राहा. सकाळी साडेआठ-नऊची वेळ मिळाली तर सगळ्यात उत्तम.

आत गेल्यावर काय बघायचं ते थोडं सांगते कारण घाईघाईत लोक नुसते फोटो काढत पुढे जातात. हे राजवाडे मुख्यतः चौदाव्या शतकातले, पहिला युसुफ आणि पाचवा मुहम्मद या सुलतानांच्या काळातले. दगडाचं काम फार कमी आहे, बहुतेक सगळं प्लास्टर, लाकूड आणि टाइल्स, म्हणजे साधा माल, पण हात लावायची जागा सोडली नाही इतकी नक्षी. भिंतींवर अरबी अक्षरं आहेत, त्यात एकच वाक्य परत परत येतं, ईश्वराशिवाय कोणी विजेता नाही. एकदा ते अक्षर ओळखायला शिकलात की ते सगळीकडे दिसायला लागतं, आमचा मुलगा मोजत फिरत होता. सिंहांच्या चौकात १२ संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंजं आहे आणि त्या चौकाच्या बाजूच्या दालनांत मान वर करून छत बघा, मधाच्या पोळ्यासारखं, हजारो छोट्या कप्प्यांचं. आणि पाण्याचा आवाज ऐका. दार्रो नदीचं पाणी वरच्या अंगाला अडवून पाटाने डोंगरावर आणलंय, कारंज्यांना पंप नव्हता, नुसत्या उताराच्या जोरावर. उन्हाळ्यात थंडावा मिळावा म्हणून पाणी, सावली आणि वारा यांची अशी जोडणी केलीय की बाहेर भाजत असताना आत बरं वाटतं. २ जानेवारी १४९२ ला शेवटचा सुलतान बोआब्दिल याने हे शहर राणी इसाबेल आणि राजा फर्नांदोच्या ताब्यात दिलं आणि त्याच वर्षी कोलंबस पहिल्या सफरीवर निघाला. म्हणजे आज आपल्या रोजच्या स्वयंपाकात असलेली मिरची, बटाटा, टोमॅटो युरोपात आणि तिथून पुढे आपल्याकडे आले, त्या गोष्टीची सुरुवात इथे जवळच झाली.

अल्हांब्रासाठी तीन-चार तास धरा, चढ आहे. गावातून चालत वर जाता येतं पण बरोबर वडीलधारी असतील तर इसाबेल ला कातोलिका चौकातून सी-३० नंबरची छोटी लाल बस घ्या. आणि त्याच संध्याकाळी समोरच्या आल्बाइसिनच्या टेकडीवर सान निकोलासच्या कट्ट्यावर जा, तिथून अख्खा अल्हांब्रा आणि मागे सिएरा नेवादा डोंगरांचा बर्फ दिसतो, सूर्य जाताना भिंती लाल होत जातात. गर्दी असते, खिसा सांभाळा, पण चुकवू नका.

माझा मार्ग असा. माद्रिदला उतरून ट्रेनने सरळ कोर्दोबा, पावणेदोन तासाच्या आसपास. एक रात्र. मग सेविया, ट्रेनने पाऊण तास, तीन रात्री. मग बसने रोंदा, एक रात्र. तिथून मालागाला बस बदलून ग्रानादा, तीन रात्री. शेवटी मालागा दोन रात्री आणि तिथूनच विमान. दहा रात्री झाल्या. सातच असतील तर रोंदा गाळा आणि सेविया, ग्रानादाची एकेक रात्र कमी करा, पण गावं वाढवू नका. जास्त गावं घेतली तर रोज बॅग भरणं आणि चेक-इन, आणि ती दुपारची झोप हातची जाते. जलद ट्रेनची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त मिळतात, रेन्फे या सरकारी रेल्वेशिवाय इर्यो आणि उइगो या कंपन्यांच्या गाड्याही माद्रिदहून येतात, तिन्ही बघून घ्या. माद्रिद ते सेविया ही स्पेनची पहिली जलद लाइन, १९९२ ची, सेवियातल्या एक्स्पोच्या, म्हणजे जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी सुरू केलेली. गाडी मात्र भाड्याने घेऊ नका या मार्गाला, जुन्या गावांत रस्ते इतके अरुंद की आरसे मिटावे लागतात आणि बऱ्याच भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, दंड नंतर घरी येतो. फक्त पांढरी गावं नीट बघायची असतील, ग्राझालेमा, साहारा, सेतेनिल, तेवढ्यासाठी दोन दिवस गाडी घ्या, आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून न्या.

कोर्दोबात एकच गोष्ट खरी बघायची, मेस्किता. आठव्या शतकात सुरू झालेली मशीद, दोनशे वर्षं वाढत गेली, आणि सोळाव्या शतकात तिच्या पोटात चर्च बांधलं. लाल-पांढऱ्या कमानी आणि ८५६ खांब, त्यातले बरेच जुन्या रोमन इमारतींचे काढून आणलेले, म्हणून नीट बघितलं तर खांबांचे रंग आणि माथे वेगवेगळे. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट प्रवेश असतो, तेव्हा ग्रुप नसतात, आवाज नसतो. एक रात्र तिथे राहा असं मी म्हणते ते एवढ्याचसाठी. आम्ही पावणेनऊला आत होतो, आई एका खांबाला टेकून कितीतरी वेळ नुसती बसून होती, नंतर म्हणाली की कान्हेरीच्या लेण्यात असं वाटलं होतं.

सेवियाला तीन रात्री कमीच पडतात. कॅथेड्रल आणि अल्काझार म्हणजे राजवाडा, दोन्हीची वेळ आधी ऑनलाइन घ्या, एका दिवशी दोन्ही नको. कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा मूळ मशिदीचा, वर जायला शेवटच्या थोड्या सोडल्या तर पायऱ्या नाहीत, ३५ चढत्या रॅम्प आहेत, बांग देणारा घोड्यावरून वर जायचा म्हणून, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असलेली माणसंसुद्धा हळूहळू थांबत चढू शकतात, माझे बाबा चढले. आत कोलंबसची कबर आहे, स्पेनच्या चार जुन्या राज्यांच्या प्रतिनिधींचे पुतळे ती खांद्यावर धरून उभे. अल्काझारमधला मुख्य महाल ख्रिश्चन राजा पेद्रोने बांधून घेतला पण तो मुसलमान कारागिरांच्या हातचा, म्हणून अल्हांब्राची बहीण वाटतो, आणि मला विचाराल तर हे आधी बघा आणि अल्हांब्रा नंतर. आजही राजघराणं तिथे वरच्या मजल्यावर उतरतं. प्लासा दे एस्पान्या १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेली, स्पेनच्या प्रांतांचे टाइल्सचे कट्टे अर्धवर्तुळात मांडलेत, सकाळी आठला जा, मोकळी असते. संध्याकाळी पूल ओलांडून त्रियानाला जा, ती कुंभारांची आणि टाइलवाल्यांची वस्ती, नदीकाठी नुसतं बसलं तरी चालतं. नदीचं नाव ग्वादाल्कीविर, मूळ अरबी, मोठी नदी एवढाच अर्थ. असे शब्द जागोजागी भेटतात, संत्र्याला नारांखा म्हणतात जे आपलं नारिंग, साखरेला असुकार जी आपली शर्करा, लिंबाला लिमोन. आपल्याकडून फारशी-अरबी करत तिथपर्यंत गेलेले हे शब्द बाजारात कानावर पडले की फार बरं वाटतं.

कॅथेड्रलच्या आसपास, आणि ग्रानादातही, काही बायका रोजमेरीची काडी हातात देतात, भविष्य सांगतात आणि मग पैसे मागतात. काडी घेऊच नका, मान हलवून चालत राहा.

फ्लॅमेंको, म्हणजे इथलं गाणं आणि नाच, सेवियात किंवा ग्रानादाला साक्रोमोंतेच्या गुहांमध्ये बघा. जेवणासकटचा मोठा शो नको, छोटी जागा, साठ-सत्तर खुर्च्या, माइक नसलेली, अशी शोधा. हे गाणं घडवण्यात हितानो म्हणजे रोमा (जिप्सी) लोकांचा मोठा वाटा आहे आणि त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले हे भाषेवरून आणि आता जनुकांवरूनही सिद्ध झालंय. त्यांच्या कालो बोलीत पाण्याला पान्यी म्हणतात. ताल कळणाऱ्यांना तर पर्वणीच, सोलेआ, बुलेरिया हे प्रकार १२ मात्रांचे, पण वजन ३, ६, ८, १०, १२ वर, आपल्या एकतालाच्या सवयीने मोजायला गेलं की हात चुकतो आणि तरी समेवर सगळे एकत्र येतात तेव्हा अंगावर काटा येतो. मध्येच टाळ्या वाजवू नका, त्यांच्या टाळ्या हेच वाद्य आहे.

आता खाणं, ज्यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. तिथे कार्ने म्हणजे मांस म्हटलं की लोकांच्या डोक्यात मटण-बीफ येतं, हॅम आणि टूना त्यात धरतच नाहीत, त्यामुळे नुसतं कार्ने नको म्हटलं तर वर हॅमचे तुकडे पेरून येतात. मिक्स सॅलडमध्ये टूना असतोच जवळजवळ, आणि व्हेजिटल नावाच्या सँडविचमध्येसुद्धा. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा, सोय बेखेतारियाना, सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून, म्हणजे मी शाकाहारी आहे, मांस, मासे, हॅम, टूना काही नको. पुरुष असाल तर बेखेतारियानो. सकाळी भाजलेला ब्रेड, वर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह ऑइल, तोस्तादा कोन तोमाते, रोज खाल्लं तरी कंटाळा नाही. सेवियात एस्पिनाकास कोन गार्बांसोस म्हणजे पालक आणि छोले, त्यात जिरं, आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली हे तर आपलंच. कोर्दोबात साल्मोरेखो, टोमॅटो-ब्रेडचं गार घट्ट सूप, ऑर्डर देतानाच वरचा हॅम आणि अंडं नको सांगा. आणि वांग्याचे तळलेले काप, वर मिएल दे कान्या, ही मिएल म्हणजे मध नाही, ती काकवी आहे! ग्रानादा आणि मालागाच्या किनाऱ्यावर अरबांच्या काळापासून ऊस होत होता, आणि नेर्हाच्या वरच्या फ्रिहिलियाना गावात अजून ती काकवी बनवायचा कारखाना चालू आहे. कोल्हापूरकरांनी तर जाऊन बघाच. तोर्तिया म्हणजे मेक्सिकन पोळी नव्हे, बटाटा घातलेलं जाड ऑमलेट, अंडं खाणाऱ्यांना कुठेही मिळतं.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. मालागाच्या बीचवर सार्डिन म्हणजे आपले तारलेच, काठीला टोचून वाळूने भरलेल्या होडीत लाकडाच्या निखाऱ्यावर भाजतात, मसाला काही नाही, नुसतं जाड मीठ. आणि कादिझकडे तळलेले मासे कागदात बांधून देतात. कोकणातल्या माणसाला मसाल्याची आठवण येईल पण ताजेपणाला तक्रार करायला जागा नाही.

वेळा मात्र सांभाळा. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. मधे स्वयंपाकघरं बंद. साडेबाराला लहान मुलाला भूक लागली तर गरम जेवण मिळणं कठीण, म्हणून पिशवीत काहीतरी हवंच. भारतातून बाकरवडी, खाकरे, चिवडा, लाडू नेता येतात पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप नाही, आणि लाडूही तुपातला नको. डायबेटिस असलेल्यांनी रात्रीच्या जेवणाची वाट बघू नये, आम्ही सातला बारमध्ये तापा म्हणजे छोट्या बशीतलं खाणं घ्यायचो आणि आईबाबांचं तेच जेवण व्हायचं. ग्रानादात बहुतेक ठिकाणी ड्रिंकबरोबर, अगदी सॉफ्ट ड्रिंक घेतलं तरी, तापा फुकट येतो, तेव्हाच शाकाहारी सांगून ठेवा नाहीतर जे येईल ते येईल. पाणी मागताना आग्वा देल ग्रिफो म्हणजे नळाचं, ते पिण्यालायक असतं, नुसतं आग्वा म्हटलं तर बाटली उघडून आणतात.

राहायला जुन्या गावात पण सपाट भागात बघा. आल्बाइसिन फोटोत सुंदर दिसतं, पण चाकांची मोठी बॅग त्या गोट्यांच्या चढावरून ओढून बघा म्हणजे कळेल, टॅक्सी सगळीकडे जात नाही. बुटांचे तळवे रबराचे हवेत, दगड घासून गुळगुळीत झालेत. टोपी, गॉगल, सनस्क्रीन आणि एक पातळ ओढणी, चर्चमध्ये खांदे झाकायला आणि उन्हात डोकं झाकायला तीच. चार्जर दोन गोल पिनांचा असेल तर तसाच बसतो, तीन पिनांना अॅडाप्टर लागतो. कार्ड मशीन रुपये की युरो विचारेल तेव्हा युरोच दाबा, रुपये दाबले तर रेट वाईट लागतो. इमर्जन्सीला ११२. औषधाचं दुकान म्हणजे हिरवा क्रॉस, बीपीची औषधं मात्र प्रिस्क्रिप्शनसकट इथूनच न्या.

रोंदाबद्दल थोडक्यात. दोन कड्यांच्या मधे जवळजवळ ९८ मीटर उंच पूल, १७९३ ला पूर्ण झालेला. दिवसा बस भरभरून लोक येतात आणि सहापर्यंत जातात, म्हणून तिथे रात्र काढायची, संध्याकाळी खाली दरीच्या वाटेने अर्धं उतरून पूल खालून बघायचा. ज्यांना डोंगर चढायची सवय आहे त्यांनी मालागाजवळचं कामिनितो देल रेय करावं, कड्याला लावलेली लाकडी वाट, हेल्मेट देतात, ८ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, आणि तिकीट आधी काढावं लागतं.

मालागाचे दोन दिवस मी मुद्दाम शेवटी ठेवते कारण तोपर्यंत सगळे दमलेले असतात आणि समुद्र बरा वाटतो. विमानतळावरून गावात लोकल ट्रेन येते, टॅक्सीची गरज नाही. पिकासोचा जन्म इथला, १८८१, त्याचं म्युझियम सकाळी, मग बसने नेर्हा, तिथून फ्रिहिलियाना. चुन्याने रंगवलेली पांढरी घरं, आपल्याकडे भिंतींना चुना देतात तसाच, ऊन परतवायला.

आणायचं काय, तर तेल. जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह ऑइल स्पेनमध्ये होतं आणि त्यातलं सगळ्यात जास्त या अंदालुसियातल्या खाएन जिल्ह्यात. सुपरमार्केटमधून एक्स्ट्रा व्हर्जिन घ्या, लेबलवर पिकाची तारीख बघा, काचेची बाटली नको पत्र्याचा डबा घ्या, कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत, कारण हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर चालत नाही. काकवीची बाटली पण तशीच. घरी आल्यावर तेल गॅसपासून आणि उजेडापासून लांब ठेवा, उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा, आणि फोडणीत घालून वाया घालवू नका, भाकरी, लसणाची चटणी आणि वरून कच्चं तेल, असं खाऊन बघा.